राऊटरचं दप्तर

प्रस्तावना

ही पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे, त्यांतल्या बहुतेकांनी नेटवर्किंगचा कोणताही कोर्स केलेला नाही. सिल्लोड, भराडी, शिवना, अजिंठा, घाटनांद्रा, अंधारी अशा गावांत नेट पोचवणारे आणि टिकवणारे हे लोक वेगवेगळ्या वाटांनी या कामात आले. कुणाचा आधी केबल टीव्हीचा धंदा होता, कुणी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसत होता, कुणी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, तर कुणी शाळेत विज्ञान शिकवतो आणि संगणकाची खोली त्याच्या गळ्यात पडली आहे. खांबावर चढून तुटलेली फायबर जोडण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. राऊटर मात्र त्यांच्या लेखी दुसऱ्याच कुणाची वस्तू असते. संभाजीनगरहून एकदा कुणीतरी आला, किंवा लांबूनच एनीडेस्कवर जोडला गेला, काहीबाही टाइप करून गेला आणि नेट सुरू झालं. तेव्हापासून नियम एकच: चालतंय ना, मग हात लावू नका.

हा नियम मूर्खपणाचा नाही. चालत्या यंत्रात उगाच बोट घालू नये हे विहिरीवरची मोटर दुरुस्त करणाराही सांगेल. पण त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. आज जे चालतंय तेच उद्या लाइट येऊन-जाऊन झाल्यावरही चालेल, ही ती गोष्ट. राऊटरच्या बाबतीत तसं असेलच असं नाही, आणि या पुस्तिकेचा निम्मा भाग त्यापायीच लिहावा लागला.

राऊटर हा शेवटी छोटा संगणकच. त्याच्या आत कंपनीने लिहिलेली प्रणाली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. त्या प्रणालीला तुमच्या गावात काय करायचं हे सांगणारी सेटिंगची यादी असते, ती कॉन्फिगरेशन, बोलीत कॉन्फिग. कुठल्या पोर्टवर वरून लाइन येते, कुठला आयपी, पीपीपीओईचं नाव आणि पासवर्ड काय, शाळेला कुठलं व्हीलॅन, पंचायतीला कुठलं, कुणाला किती वेग, बाहेरून कोण आत येऊ शकतो आणि कोण नाही, हे सगळं त्या यादीत. फर्मवेअर कंपनीच्या साइटवरून केव्हाही उतरवून घेता येतं. कॉन्फिग जगात दुसरीकडे कुठेच नसते, कारण ती तुमच्या गावापुरती, तुमच्याच कुणीतरी बसून लिहिलेली असते.

सिस्कोच्या जुन्या-नव्या राऊटरमध्ये ही यादी दोन ठिकाणी राहते. चालू असलेली यादी, म्हणजे रनिंग-कॉन्फिग, रॅममध्ये असते आणि लाइट गेली की पुसली जाते. जतन केलेली यादी, स्टार्टअप-कॉन्फिग, एनव्हीरॅम नावाच्या वेगळ्या मेमरीत असते आणि लाइट गेली तरी राहते. तुम्ही जो बदल करता तो पहिल्या यादीत होतो आणि तत्क्षणी लागू पडतो. दुसऱ्या यादीला त्याचा पत्ता नसतो.

आपल्याकडे हा फरक समजवायला सातबारा पुरे. बापाने हयातीत बांध दाखवून दोघा भावांना जमीन वाटून दिली. वीस वर्षं दोघं आपापल्या तुकड्यात मका आणि मिरची घेताहेत, तक्रार कुणाचीच नाही. पण वाटणी तोंडी आहे, फेरफार घातलेला नाही, सातबाऱ्यावर अजून बापाचंच नाव. कर्जाचं प्रकरण निघालं, रस्त्यासाठी जमीन जायची वेळ आली, की दप्तर उघडलं जातं आणि त्यात वीस वर्षांपूर्वीचीच स्थिती निघते. रनिंग-कॉन्फिग ही तोंडी वाटणी आणि स्टार्टअप-कॉन्फिग हा सातबारा. लाइट गेली की राऊटरचं दप्तर उघडतं. फेरफार घालायला इथे तलाठ्याकडे खेपा मारायच्या नाहीत. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' एवढी एक ओळ, आणि जुने लोक तर 'डब्ल्यू-आर' ही दोन अक्षरं दाबून मोकळे होतात. तीही राहून जातात, कारण नेट सुरू झालेलं डोळ्यांना दिसतं आणि न झालेली नोंद दिसत नाही. मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असा राऊटर वर्षानुवर्षं बंद न होता चालतो आणि चूक झाकली जाते. आपल्याकडे ती फार दिवस झाकली राहत नाही. आठवड्यात किती वेळा लाइट जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरी किती जुनी आहे, हे सांगायला इथल्या वाचकाला पुस्तिका नको.

मायक्रोटिकची गोष्ट उलटी आहे. हे राऊटर लॅटव्हियातल्या रिगा शहरातली कंपनी बनवते, आणि परवडणाऱ्या किमतीत फार काही करतात म्हणून छोट्या नेटवाल्यांत ते जिकडेतिकडे दिसतात. त्यात केलेला बदल आपोआप जतन होतो, वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. सोयीचं वाटतं, पण मग चूकही तितक्याच तत्परतेने जतन होते. बाहेरच्या रस्त्याचं सेटिंग चुकलं, तुमचा स्वतःचाच संपर्क तुटला, तर राऊटर बंद करून चालू केल्याने काही परत येत नाही. त्यासाठी त्यात सेफ मोड दिला आहे. विनबॉक्स या मायक्रोटिकच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये बटण असतं, टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स. सेफ मोडमध्ये असताना जोडणी तुटली तर राऊटर केलेले बदल स्वतःच मागे घेतो. मात्र त्याची आठवण शंभरएक कृतींपुरती असते. एका दमात लांबलचक स्क्रिप्ट त्यात ओतली की तो मुकाट्याने सेफ मोडमधून बाहेर पडतो आणि मागे काहीच घेत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस सेफ मोडच्या भरवशावर जास्तच धाडस करतो.

घरगुती राऊटरविषयी पुस्तिकेत थोडकंच आहे, पण एका खोडीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नेट बंद पडलं की घरातला हुशार पोरगा सेफ्टी पिन घेऊन मागच्या बारीक भोकात खुपसतो. त्याला वाटतं आपण राऊटर रीस्टार्ट केला. त्याने तो रिसेट केलेला असतो. पीपीपीओईचं नाव, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं कारखान्यातल्या स्थितीत जातं, आणि मूळ बिघाड जर वाटेत तुटलेल्या फायबरचा असेल तर आता एकाऐवजी दोन बिघाड होतात. नेटवाल्या भाऊंना रात्री साडेनऊला येणाऱ्या फोनपैकी बरेचसे या पिनचेच असतात.

बॅकअपवरच्या प्रकरणाची पानं सर्वांत जास्त झाली आहेत आणि ती मी मुद्दाम कमी केली नाहीत. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा कोसळतात, गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या वायरीतून दणका आत शिरतो आणि राऊटरचे पोर्ट जळतात. नवा डबा साठ-पासष्ट किलोमीटरवरून, संभाजीनगरहून, संध्याकाळपर्यंत आणता येतो. पैसे जातात, पण वस्तू मिळते. जळलेल्या डब्यातली कॉन्फिग कुठल्याच दुकानात मिळत नाही. मग फोनाफोनी सुरू होते. वरच्या लाइनचं व्हीलॅन कुठलं होतं? पंचायतीचा आयपी काय दिला होता? ज्याने बसवलं तो आता पुण्याला कंपनीत आहे, त्याला आठवत नाही. खरं म्हणजे त्याने ते लक्षात ठेवावं अशी अपेक्षाच चूक आहे.

बॅकअप घेतला म्हणणाऱ्यांचीही फसगत होते. मायक्रोटिकमध्ये बॅकअप दोन प्रकारचे निघतात. एक फाइल माणसाला वाचता न येणारी, पूर्ण स्थितीची. ती त्याच राऊटरवर परत घालायला उत्तम, पण दुसऱ्या मॉडेलवर घातली तर घोळ होतो, आणि जुन्या डब्याचे मॅक पत्तेसुद्धा ती नव्याच्या माथी मारते. दुसरी, एक्स्पोर्ट नावाची, साधी मजकुराची फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते, हव्या त्या ओळी निवडून नव्या डब्यावर लावता येतात. पण तिच्यात राऊटरच्या वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि सर्टिफिकेटं येत नाहीत, आणि सातव्या आवृत्तीपासून बाकीचे गुप्त शब्दही मुद्दाम मागितल्याशिवाय येत नाहीत. म्हणून दोन्ही घ्यायच्या. फाइलच्या नावात गाव, मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख घालायची. नुसतं 'बॅकअप-नवीन-फायनल' असं नाव ठेवलेल्या फाइली मी पुष्कळांच्या लॅपटॉपवर पाहिल्या आहेत. त्यातली कुठली शेवटची हे मालकालाही सांगता येत नाही.

आणि ती फाइल राऊटरमध्येच ठेवून समाधान मानायचं नाही. डबा जळेल तेव्हा फाइलही त्याच्याबरोबर जाईल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकायची नाही, कारण तिच्यात पासवर्ड असतात आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते ग्रुप काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जुनी मंडळी टीएफटीपी वापरून कॉन्फिग लॅपटॉपवर उतरवतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा हा साधासुधा मार्ग अजून चालतो, पण तो कुणाला पासवर्ड विचारत नाही आणि मजकूर उघडाच पाठवतो. राऊटरला थेट वायर लावून वापरायला ठीक, भर नेटवर्कात नको.

आता अपग्रेड. इथे मला दोन्ही टोकाच्या माणसांशी भांडायचं आहे. काहीजण नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसली की बटण दाबतात. काहीजण पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर अभिमानाने बसलेले असतात.

न करणाऱ्यांना दोन जुनी प्रकरणं सांगण्यासारखी आहेत. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडचे हजारो मोडेम एका मालवेअरने निकामी केले. कारखान्यातून आलेलं 'ॲडमिन' हे नाव आणि 'ॲडमिन' हाच पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, ते मोडेम सापडले. दुसरं प्रकरण २०१८ चं. मायक्रोटिकच्या विनबॉक्स सेवेत एक भोक निघालं, ज्यातून पासवर्डशिवाय राऊटरमधली वापरकर्त्यांची फाइल वाचता येत होती. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्त आवृत्ती दिली. तरीही त्या उन्हाळ्यानंतर आधी ब्राझीलमध्ये आणि मग इतर देशांत मोठ्या संख्येने राऊटर चोरांच्या हाती गेले, भारतातलेही. ग्राहक पान उघडत होता आणि राऊटर त्या पानात आभासी चलन खणणारा कोड घुसवत होता. नेट स्लो चालतंय, एवढीच तक्रार येत होती. ज्यांनी उशिरा अपग्रेड केलं त्यांतल्या काहींचे राऊटर त्यानंतरही चोरांच्याच हाती राहिले, कारण भोक बुजलं तरी पासवर्ड आधीच बाहेर गेलेला होता आणि तो कुणी बदलला नव्हता.

करणाऱ्यांना सांगायचं ते वेगळं. नवी आवृत्ती जुनी कॉन्फिग वाचते आणि स्वतःच्या भाषेत उतरवून घेते. दरवेळी ती ते नीट करतेच असं नाही. मायक्रोटिकची सातवी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर म्हणून आली, तेव्हा ओएसपीएफ आणि बीजीपी या मार्ग ठरवणाऱ्या पद्धतींची सगळी मांडणीच बदललेली होती. साध्या घरगुती राऊटरला फरक पडला नाही, चार गावं जोडणाऱ्याला पडला. शिवाय १६ एमबी साठवणीच्या लहान मॉडेलांत नव्या आवृत्त्या दाटीवाटीने बसतात. परतीची वाट तर आणखी अवघड. नवं जमलं नाही म्हणून जुनी आवृत्ती परत घातली, तर नव्या भाषेत जतन झालेल्या ज्या ओळी तिला समजत नाहीत त्या ती टाकून देते. मग सिस्कोवर कुणी सवयीने जतनाची आज्ञा दिली की त्या ओळी कायमच्या गेल्या. म्हणून अपग्रेडच्या आधीची प्रत वेगळी, जुन्या आवृत्तीच्या नावानिशी ठेवायची, ती याच दिवसासाठी.

अपग्रेडचा क्रम पुस्तिकेत पायऱ्यापायऱ्यांनी दिला आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. दोनच गोष्टींवर जोर देतो. उतरवलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा, कंपनीने दिलेल्या हॅशशी जुळवल्याशिवाय ती राऊटरवर चढवू नये. अर्धवट उतरलेली फाइल बाहेरून अखंड फाइलसारखीच दिसते. आणि फर्मवेअर लिहिलं जात असताना लाइट जाता कामा नये. तेव्हा गेली तर राऊटर उठतच नाही. मग मायक्रोटिकला नेटइन्स्टॉल, सिस्कोला रॉमॉन असे उपाय आहेत, पण ते सगळे राऊटरशेजारी लॅपटॉप घेऊन बसून करायचे. घाटनांद्र्याचा राऊटर सिल्लोडच्या ऑफिसातून अपग्रेड करायला घेतला आणि तो झोपला, तर पुढचं काम मोटारसायकलवरचं.

लांबून काम करताना न जतन केलेली कॉन्फिगच उपयोगी पडते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गमतीचं वाटतं. सिस्कोवर धोक्याचा बदल करण्यापूर्वी 'रीलोड इन टेन' असं सांगून ठेवायचं. दहा मिनिटांनी राऊटर आपणहून बंद होऊन चालू होईल. मग बदल करायचा, पण जतन करायचा नाही. संपर्क टिकला तर रीलोड रद्द करायचा आणि मग जतन करायचं. संपर्क तुटला तर चहा प्यायचा. दहा मिनिटांत राऊटर जुन्या नोंदीवर परत येतो. जुनिपरच्या राऊटरमध्ये हेच जास्त शहाणपणाने केलं आहे. 'कमिट कन्फर्म्ड' म्हटलं की बदल लागू होतो, आणि ठरल्या वेळात, न सांगितल्यास दहा मिनिटांत, तुम्ही पुन्हा होकार दिला नाही तर मागे घेतला जातो. मागच्या एकोणपन्नास नोंदीही तो जपून ठेवू शकतो. आपल्या तालुक्यात जुनिपर क्वचितच दिसेल, पण ती पद्धत मनात ठेवून बाकीच्यांवर काम करता येतं.

हे सगळं छोट्या लोकांचं अडाणीपण आहे असं कुणाला वाटत असेल तर कॅनडातल्या रॉजर्स कंपनीकडे बघावं. ८ जुलै २०२२ च्या पहाटे त्यांच्या मुख्य नेटवर्कच्या अपग्रेडचा सातांतला सहावा टप्पा चालू होता. एका बदलात राऊटरवरचा एक फिल्टर काढला गेला, मार्गांचा लोंढा मधल्या राऊटरांवर आदळला आणि ते बसले. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचं फोन-इंटरनेट गेलं, आपत्कालीन ९११ क्रमांक अनेकांना लागेना, देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. सुधारायला दिवसाहून अधिक काळ गेला. मला त्यातलं सर्वांत बोलकं वाटतं ते हे, की राऊटरपर्यंत पोचायचा कंपनीचा रस्ता त्याच बंद पडलेल्या नेटवर्कातून जात होता, आणि कर्मचाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे होते. पुस्तिकेत 'आपल्या राऊटरला पोचायची दुसरी वाट' असं प्रकरण आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला जुना फोन एवढाही खर्च पुष्कळ ठिकाणी पुरतो.

एक छोटी बाब, जी सहसा कुणी सांगत नाही. अनेक स्वस्त राऊटरांत घड्याळाची बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की त्यांतल्या कित्येकांचं कॅलेंडर १ जानेवारी १९७० वर जातं आणि एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवायची सोय, लावलेली नसेल तर तिथूनच पुढे चालतं. मग नोंदवहीत बिघाड १९७० साली झालेला दिसतो. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सेवा देणाऱ्यांनी नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत आणि घड्याळं जुळवून ठेवायची आहेत. पोलिसांकडून विचारणा आली की तारखेचं महत्त्व कळतं.

पुस्तिका आत्ताच का, याचं कारण गावागावात राऊटर वाढणार आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ऑप्टिकल फायबरची योजना २०१५ मध्ये भारतनेट झाली, महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा महानेट नावाने आला. पहिल्या रचनेत तालुक्याहून निघालेली फायबर फांद्यांसारखी पंचायतींना जात होती आणि पंचायतीत एक ओएनटी, म्हणजे फायबरच्या टोकाचा डबा, बसत होता. रस्ता खणताना जेसीबीने एक फांदी तोडली की पुढची गावं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली, आणि त्यात फायबर वर्तुळात, म्हणजे रिंगमध्ये, टाकायची आहे. एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने गावाला वाट राहावी, यासाठी. ती वाट बदलायचं काम राऊटर करतात. डिजिटल सहीचा सातबारा, रेशन दुकानातलं पॉस मशीन, पंचायतीतले दाखले हे सगळं अशा राऊटरांच्या सेटिंगवर उभं राहणार, आणि पंचायतीच्या मालमत्तेच्या यादीत फार तर 'राऊटर, नग १' एवढीच ओळ असणार.

शेवटच्या प्रकरणाला धंद्यातल्या लोकांचा आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे. त्यात सुचवलं आहे की पंचायतीच्या किंवा शाळेच्या राऊटरची कॉन्फिग आणि पासवर्ड बंद पाकिटात, जोडावर सही करून, ग्रामसेवकाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत आणि आवक रजिस्टरला नोंद करावी. नेटवाले म्हणतात, मग उद्या आम्हाला काढून दुसऱ्याला बोलावतील. काढतील, आणि काढायचा हक्क त्यांना असायला हवा. राऊटर त्यांच्या पैशाने आला आहे. वरच्या लाइनची तुमची स्वतःची गुपितं त्या पाकिटात घालायला कुणी सांगत नाही. पाकीट फोडलं तर तारीख आणि फोडणाऱ्याची सही रजिस्टरला येते, एवढं संरक्षण मला पुरेसं वाटतं. ज्यांना तेही पटत नसेल त्यांनी निदान पासवर्डच्या ओळी वगळून मजकुराची एक छापील प्रत गिऱ्हाइकाला द्यावी, आणि सेटिंग बदललं की नवी द्यावी.